दप्तर शाळकरी आहे म्हणे!

प्रश्न : मी कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात संशोधन करते. ‘ऑफ अवर बॅक्स’ या अमेरिकी स्त्रीवादी नियतकालिकाच्या जतन केलेल्या कागदपत्रांवर मराठीत लिहिते आहे. हे नियतकालिक एक ‘कलेक्टिव्ह’ चालवत असे, म्हणजे कुणी एक प्रमुख न नेमता बायका मिळून. त्या कागदांना मी ‘दप्तर’ म्हटलं, तर मार्गदर्शकांनी ते खोडून ‘अभिलेखागार’ केलं. दप्तर शाळकरी वाटतं, म्हणाले. बरोबर काय? आणि ‘कलेक्टिव्ह’ला काय म्हणावं?

उत्तर : शाळकरी? पेशवे दप्तरातले निवडक कागद रियासतकार सरदेसायांनी ४५ खंडांत छापून काढले, ते काय कुणा पोराच्या पाठीवरून उतरवून आणले होते? ‘अभिलेखागार’ हा शब्द हल्ली कुठेही ठोकून देतात. त्यात ‘आगार’ आहे, म्हणजे घर, कोठार. एसटी आगारात उभी असते म्हणून एसटीला कुणी आगार म्हणत नाही. ‘आर्काइव्ह’ची तर व्हॉट्सअ‍ॅपने आणखीच दशा केली आहे. नको असलेला नातेवाइकांचा ग्रुप नजरेआड ढकलला की म्हणे तो आर्काइव्ह केला.

दप्तर म्हणजे कारभार करता करता साचत गेलेले कागद. मागचे अंक ओळीने बांधून ठेवले तर तो संच झाला, दप्तर नव्हे. दप्तरात पत्रव्यवहार येतो, वर्गणीचे हिशेब येतात, बैठकांची टिपणं येतात, कुणी काय का नाकारलं तेही येतं. तुमचं नियतकालिक १९७० मध्ये वॉशिंग्टनमध्ये निघालं आणि २००८ पर्यंत चाललं. त्यातल्या बायका सर्वसहमतीने निर्णय घेत. अशा ठिकाणी एखाद्या मुख्य संपादकाची पत्रं चाळून भागत नाही, बैठकीत काय घासाघीस झाली तेच बघावं लागतं. म्हणून ‘दप्तर’ हवं. त्यात ‘आर्काइव्ह’ हा ग्रीक ‘आर्खेइओन’वरून आलेला, म्हणजे सत्ताधाऱ्याची कचेरी. जिथे कुणी सत्ताधारीण नको असं ठरवलं होतं, तिथले कागद या नावाखाली ठेवायचे!

आता खरी गंमत. दप्तर आपल्याकडे फारसीतून आला, फारसीत अरबीतून, आणि त्यामागे ग्रीक ‘दिप्थेरा’ : कमावलेलं कातडं. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की आयोनियन ग्रीक पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाच्या, गुंडाळ्यांनाही कातडीच म्हणत, कारण पपायरस मिळेना तेव्हा ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत. कातडं गेलं, नाव राहिलं. चामडं कमावण्यावर ज्या गावाचं नाव जगभर पायात घातलं जातं, तिथे या शब्दाला शाळकरी म्हणावं, हे जरा अतीच झालं.

याच ‘दिप्थेरा’वरून १८२६ मध्ये ब्रेतोनो या फ्रेंच वैद्याने घशात चामड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या रोगाला नाव दिलं. त्याचंच पुढे डिप्थेरिया झालं, आपला घटसर्प. म्हणजे तान्हेपणी घटसर्पाची लस आणि पुढे पाठीवर दप्तर, दोन्हींत एकच कातडं!

दप्तराचं मूळ शोधताना कोशकार ‘दिप्थेरा’पाशी थांबतात. थांबू देत. मला मात्र प्राचीन फारसीतला ‘दिपि’ स्वस्थ बसू देत नाही. दिपि म्हणजे कोरलेला लेख. हा शब्द एलामी, अक्कदी या इराण-इराककडच्या प्राचीन भाषांच्या पायऱ्या उतरत सुमेरी ‘दुब’पर्यंत, मातीच्या पाटीपर्यंत जातो. शाहबाजगढीच्या अशोकाच्या लेखात आपली ‘लिपी’ चक्क ‘दिपि’ म्हणून उभी आहे. दिपि बाळगणारा तो फारसीत ‘दबीर’, लेखनिक. शिवरायांच्या दरबारातला डबीर तोच, राज्याभिषेकानंतर ज्याला सुमंत म्हणू लागले. आता दिपि, डबीर आणि दप्तर असे एकाच कचेरीत शतकानुशतकं मांडीला मांडी लावून बसलेले असताना दप्तराच्या रुळण्यात दिपिचा काहीच हात नसेल? ग्रीक शब्द फारसीत इतका घरचा झाला, तो शेजारी ओळखीचा आवाज होता म्हणून, असं माझं मत आहे. भाषाशास्त्रवाले नाक मुरडतील, मुरडोत.

फारसी शब्द मराठीतून हाकलू पाहणाऱ्या शुद्धिवाल्यांना मात्र सोडणार नाही. फारसी-मराठी कोश (१९२५) रचणारे माधव जूलियन तुमच्याच राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते, आणि तेच पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेऊन उभे राहिले. कोश रचताना हे शब्द अंगाखांद्यावर खेळवलेल्या माणसाने त्यांना परके ठरवावं, हे मला कधीच पटलं नाही. कोश जवळ ठेवा, शुद्धी राहू द्या. दुसरे ते ‘दफ्तर’ लिहा म्हणून अडवणारे. त्यांनी आधी बँकेत जाऊन कर्जाचा ‘हफ्ता’ भरून यावा. फारसी ‘फ्त’चा मराठीत ‘प्त’ होतो, हप्ता झाला तसंच दप्तर झालं.

हां, ‘कलेक्टिव्ह’. ‘मंडळ’ नको, कोल्हापुरात मंडळ म्हटलं की आधी तालीम आठवते आणि पाठोपाठ अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार. ‘गट’ लिहा. ‘स्त्रियांच्या गटाने चालवलेल्या ऑफ अवर बॅक्सचं दप्तर मेरीलँड विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे.’ मार्गदर्शकांचा शब्दही आला की वाक्यात, आता सही करतील.