‘हंकी’ म्हणजे हंगेरियन का?

प्रश्न असा: अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या पोलाद कामगारांवरचा एक जुना इंग्रजी मजकूर मराठीत आणायचा आहे. त्यात ‘हंकी’ हा शब्द पानोपानी येतो. शब्दकोशात ‘पिळदार शरीराचा, देखणा’ असा अर्थ सापडला, पण तो बसत नाही. मग सरळ ‘हंगेरियन’ लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘पिळदार’ तर नाहीच. तो शब्द मोठा तुकडा, ढेकूळ अशा अर्थाच्या ‘हंक’वरून आला, त्याचं कूळ वेगळं. कामगारांना लावलेला ‘हंकी’ निघाला ‘हंगेरियन’वरूनच, ‘बोहंक’ हे त्याचंच भावंड, बोहेमियन (म्हणजे चेक) आणि हंगेरियन यांची मोळी बांधून केलेलं. पण व्युत्पत्ती एक आणि वापर दुसरा. पिट्सबर्ग आणि त्याला लागून असलेल्या होमस्टेड, ब्रॅडक या पोलादाच्या गावांत ज्यांना हंकी म्हणत, त्यांतले बहुतेक हंगेरियन भाषा बोलणारे मग्यार नव्हतेच. ते स्लोवाक, रुसिन (कार्पेथियन डोंगरांतले, रशियन नव्हेत), क्रोएशियन, पोलिश असे स्लाव्ह भाषा बोलणारे लोक होते. खरे मग्यारही त्या भागात होते, हेझलवूडमध्ये त्यांची मोठी वस्ती होती. हंकी म्हणताना त्यांनाही सोडत नसत, हा भाग निराळा.

हा घोळ झाला कागदांमुळे. पहिल्या महायुद्धाआधी स्लोवाकांचा सगळा मुलूख हंगेरीच्या राज्यात होता. माणूस आजच्या पूर्व स्लोवाकियातल्या शारिश भागाचा, घरात स्लोवाक बोलणारा, पण कागदावर देश हंगेरी आणि नावंही हंगेरियन: जिल्हा शारिशऐवजी ‘शारोश’ आणि शहर प्रेशोवऐवजी ‘एपेर्येश’. फोरमनला एवढ्या खोलात शिरायची गरज नव्हती. मुंबईत चारही दक्षिणी राज्यांतली माणसं सरसकट ‘मद्रासी’ झाली, तीच ही तऱ्हा. तिथेही मद्रास इलाखा नावाची खरी सरकारी चौकट मागे होतीच.

त्यामुळे मजकुरातला माणूस नेमका कोण, हे ‘हंकी’ या शब्दावरून ठरवू नका. अमेरिकी जनगणनेच्या नोंदी मिळत असतील तर १९१० ची आधी काढा. त्या वर्षी परदेशात जन्मलेल्यांची मातृभाषाही विचारली होती, म्हणून ‘हंगेरी–स्लोवाक’ अशी जोडनोंद मिळते. १९०० च्या नोंदीत नुसता देश असतो, त्यावरून काही ठरत नाही. १९२० पर्यंत सीमा बदलल्या होत्या. तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेल्यांना प्रांत किंवा शहरही विचारायचं, अशी सूचना होती. परिणामी एकच माणूस १९१० ला हंगेरीचा आणि १९३० ला चेकोस्लोवाकियाचा दिसतो. अनुवादकाला वाटतं ही दोन वेगळी माणसं, आणि तळटीप चुकते.

दुसरा खड्डा ‘ग्रीक कॅथलिक’चा. याचा ग्रीस देशाशी संबंध नाही. उपासनेची पद्धत पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेची पण निष्ठा पोपवर, असा हा पंथ. पिट्सबर्गमध्ये त्यातले बरेच लोक रुसिन. ‘ग्रीक कामगार’ असं भाषांतर झालं की अख्खा समाज हजारएक किलोमीटर दक्षिणेला सरकतो! चित्रकार अँडी वॉरहॉलचं घराणं यातलंच. मूळ आडनाव वॉरहोला, आईवडील मिकोवा गावचे. गाव तेव्हा हंगेरीत, आज स्लोवाकियात. घरची बोली रुसिन. अँडी १९२८ साली पिट्सबर्गमध्ये जन्मला. ज्या दरीतल्या चर्चमध्ये हे कुटुंब जायचं, तिला ते लोक ‘रुस्का डोलिना’, म्हणजे रुसिन दरी, म्हणत. कागदावर हंगेरियन, पंथाने ग्रीक, बोलीने रुसिन, आणि रस्त्यावर हंकी.

पश्चिम पेनसिल्व्हेनियात ‘स्लाविश’ असाही शब्द भेटेल. तो तिथे बहुतेकदा ‘स्लोवाक’ या अर्थी येतो. उगीच ‘स्लाव्ह वंशीय’ करून मोघम करू नका.

आता मराठीत काय लिहायचं? ‘हंकी’ तसाच ठेवावा. पहिल्यांदा येईल तिथे ‘पूर्व युरोपातून आलेल्या मजुरांना हिणवून म्हणत तो शब्द’ एवढा खुलासा वाक्यातच गुंफावा. हिणवणं पुसून ‘स्थलांतरित’ लिहिलंत तर ‘हंकी जॉब’सारखा प्रयोग निर्जीव होतो. हंकी जॉब म्हणजे भट्टीजवळचं, उष्ण, घाणेरडं आणि धोक्याचं काम. कौशल्याच्या जागा इंग्रज, वेल्श, आयरिश, जर्मन वंशाच्या कामगारांकडे, आणि हे उरलेलं यांच्याकडे. १९०७-०८ च्या सुमारास साध्या मजुराला ताशी साडेसोळा सेंट मिळत. पाळी बारा तासांची, आणि दिवसपाळी-रात्रपाळीची अदलाबदल व्हायची तेव्हा सलग चोवीस तासांची. तिला ‘लाँग टर्न’ म्हणत. ‘लांब वळण’ नव्हे, ‘चोवीस तासांची पाळी’. असलं भाषांतर कुणी करणार नाही असं वाटतं, पण करतात. ‘स्टील मिल’चंही तेच. ‘गिरणी’ म्हटलं की मराठी वाचकाला कापड नाहीतर पीठ आठवतं, म्हणून ‘पोलाद कारखाना’ बरं.

काळही बघा. १९०५ च्या फोरमनच्या तोंडचा ‘हंकी’ ही शिवी आहे. तिसऱ्या पिढीतला नातू स्वतःला तोच शब्द लावतो तेव्हा त्यात ऐट असते. १९७९ साली पिट्सबर्गच्या कामगारांनी काढलेल्या नियतकालिकाचं नावच ‘मिल हंक हेरल्ड’ होतं. तिथे ‘हिणवून’ हा खुलासा नको. ‘हाँकी’ हा गोऱ्यांसाठीचा शिवीवजा शब्द बहुधा यातूनच आला, पण अर्थ पार वेगळा. लिहिताना ‘हं’ आणि ‘हाँ’ यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

रूपं चालवताना निवेदनात ‘हंकींचा, हंकींना’ ठेवावं. ‘हंक्यांचा’ केलं की ‘हंक्या’ हे एकवचन मनात येतं, आणि गण्या, नाम्यासारखा तुच्छतेचा सूर आपोआप लागतो. संवादात मात्र तो सूर हवाच असेल, तर ‘ए हंक्या, उचल ते’ याइतकं चपखल दुसरं काही सुचत नाही.