अर्डुइनो उनोवर ग्लोबल व्हेरिएबल्स रॅमच्या फक्त ३९ टक्के दिसतात, तरी ओलेड डिस्प्ले जोडल्यावर बोर्ड मधूनच रीसेट का होतो?

कारण त्या ३९ टक्क्यांत तुमच्या डिस्प्लेचा बफर (स्क्रीनवरचं चित्र साठवायची रॅममधली जागा) धरलेलाच नाही.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात कंट्रोल पॅनेल बनवतो. एका गुऱ्हाळासाठी काहिलीचं तापमान दाखवणारा डबा केला होता: उनो, थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर), १२८ बाय ६४ चा ओलेड. कंपाइल केल्यावर आकडा आला ८१६ बाइट, २०४८ पैकी. निश्चिंत झालो. दुसऱ्याच आदणाला (काहिलीच्या खेपेला), ११८ अंशांच्या जवळ अलार्म वाजायच्या वेळी बोर्ड रीसेट. गुळव्या मामा म्हणाले, "त्याच्या आधी खालच्या कोपऱ्यात मुंग्या आल्यात्या बघा." उजव्या खालच्या कोपऱ्यात खरंच भलतेच ठिपके येत होते, आणि सगळा उलगडा त्यातच होता.

१२८ गुणिले ६४ ठिपके म्हणजे १०२४ बाइट. डिस्प्ले चालवणारी एडाफ्रूटची लायब्ररी ही जागा प्रोग्राम सुरू झाल्यावर हीपमधून (प्रोग्राम चालताना मागता येणाऱ्या रॅममधून) मागते, म्हणून कंपाइलरला ती दिसत नाही. उरले जेमतेम दोनशे बाइट. स्टॅक, म्हणजे फंक्शनचे लोकल व्हेरिएबल्स आणि परतीचे पत्ते ठेवायची जागा, रॅमच्या वरच्या टोकाकडून खाली येतो. अलार्मच्या फंक्शनमध्ये मी मजकुरासाठी मोठा लोकल ॲरे घेतला होता, त्यामुळे स्टॅक बफरच्या शेपटीत घुसला. ते शेवटचे बाइट म्हणजेच स्क्रीनचा उजवा खालचा कोपरा! त्यात स्क्रीन पुसली की बफरमध्ये शून्यं भरली जातात, तिथे बसलेला फंक्शनचा परतीचा पत्ताही शून्य होतो आणि प्रोग्राम पहिल्या ओळीपासून सुरू होतो. आपल्याला वाटतं रीसेट झाला.

तुम्ही आधी डिस्प्लेच सोडवा. यू८जी२ लायब्ररीचा पेज मोड वापरा, बफर १२८ बाइटांवर येतो. मात्र चित्र आठ तुकड्यांत काढलं जातं, म्हणून सेन्सर त्या लूपच्या बाहेर एकदाच वाचा.

मग नोंदी. मी तासाभराची १२० तापमानं फ्लोटमध्ये (प्रत्येकी चार बाइट) ठेवली होती, ४८० बाइट. गुळाला अर्ध्या अंशाची अचूकता पुरते. तापमानातून २० वजा करून दुप्पट केलं, की १४७ अंशांपर्यंतचा आकडा एका बाइटात मावतो. १२० बाइटांत काम झालं.

सिरियलवर छापायचे संदेश एफ मॅक्रोत, म्हणजे F("...") मध्ये, घाला, नाहीतर प्रत्येकाची प्रत रॅममध्ये बसते. मराठी संदेश तर फार जागा खातात: 'गूळ उतरवा' एवढ्यालाच, स्पेस आणि शेवटच्या शून्यासकट, २६ बाइट, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइटांचं. स्ट्रिंग क्लास तर टाळाच, हीपचे तुकडे पडतात.

आणि टक्केवारीवर विसंबू नका. सुरुवातीला मोकळी रॅम एका ठरावीक आकड्याने भरा, दिवसभर चालवा, आणि तो आकडा किती बाइटांत शाबूत राहिला ते मोजा. मी अलार्म वाजल्यानंतरच मोजतो, कारण स्टॅक सगळ्यात खोल तिथेच जातो.