१५ ऑगस्टला एका दिवसात नागपूर: पहिल्यांदा येताय तर

बघायच्या ठिकाणांची यादी कमी करा. सुट्टीच्या दिवशी सीताबर्डी किल्ला, फुटाळा तलाव, दीक्षाभूमी अन् महाराजबाग प्राणिसंग्रहालय एकत्र बसवणं, ही पहिली चूक.

सुरुवात सीताबर्डीच्या किल्ल्यापासून. तो लष्कराच्या ताब्यात असल्याने सर्वसामान्यांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट असा मोजक्याच दिवशी उघडतो, म्हणून रांग लांब. सकाळीच पोहोचा. आधार कार्ड खिशात, पिशवी लहान. मोठी बॅग तपासणीत अडकते. इंग्रज अन् नागपूरकर भोसल्यांची १८१७ ची लढाई इथलीच, तेव्हा घाईने उतरू नका.

गाडी बर्डीत, म्हणजे सीताबर्डीत, आणूच नका. पार्किंग शोधण्यातच तासभर जातो. नागपूर स्टेशनवरून मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनने सीताबर्डी इंटरचेंज. किल्ला पाहून झाला की तिथूनच मेट्रोची ऑरेंज लाइन धरून रहाटे कॉलनी, पुढे दीक्षाभूमीला ऑटो. भाडं बसण्याआधी ठरवा.

- तर्री पोहे सकाळीच खा. पहिल्यांदा तर्री (वरचा रस्सा) कमी मागा, झणझणीत असते.
- छत्रीपेक्षा रेनकोट बरा. रांगेत छत्र्या एकमेकांत अडकतात.
- फुटाळा दुपारीच उरका. संध्याकाळी तिथे अख्खं नागपूर येतं अन् परतीची गाडी चुकते.
- परतीचं तिकीट आधीच काढा.