वर्गातील मुले ऑनलाइन छळत असतील, तर मुलीचा मोबाईल काढून घ्यावा का?

तुमच्या नववीतील मुलीच्या फोटोचे स्टिकर करून वर्गातील मुले ते व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवत आहेत, तिचे जेवण आणि बोलणे कमी झाले आहे आणि तिचा मोबाईल काढून घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. शाळेत समुपदेशक म्हणून अनेक वर्षे काम केल्यावर माझे कळकळीचे सांगणे आहे की तो काढून घेऊ नका. घरी सांगितले तर फोन जाईल, या एकाच भीतीने कितीतरी मुले महिनोन्महिने गप्प बसलेली मी पाहिली आहेत.

आठवीतील एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. फोन टेबलावर पालथा होता आणि तो थरथरला की मुलगा बाकाच्या कडेवर नखाने ओरखडा काढत असे. तो अडखळत बोलतो. कोणीतरी त्याचे वाचन चोरून रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकले होते. ते कोणी टाकले, याविषयी तो फारसे बोलला नाही. शेजारच्या बाकावरील मित्रानेही त्यावर हसणारा इमोजी टाकला होता, हे मात्र त्याने मला तीनदा सांगितले. पूर्वी चिडवणे शाळा सुटली की थांबत असे. आता ते पांघरुणातही सोबत येते, आणि गप्प पाहणाऱ्यांची संख्याही मुलाला स्क्रीनवर मोजता येते.

म्हणून आधी तिच्या शेजारी बसून सगळे ऐका आणि ग्रुप सोडण्यापूर्वी किंवा कोणाला ब्लॉक करण्यापूर्वी तारीख, वेळ व नंबर दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या, कारण पाठवणारा मजकूर सर्वांसाठी पुसू शकतो. मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. समोरच्या मुलाच्या घरी रागाच्या भरात फोन करू नका. त्याचा सूड बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी वर्गात मुलीवरच उगवला जातो.

फोटो नग्न किंवा तसा बनवलेला असेल, तर मात्र पुरावा म्हणूनही तो साठवू अथवा कोणाला पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब नुसार अल्पवयीन मुलांची अशी चित्रे जमवणे आणि पाठवणे हाच गुन्हा आहे, आणि मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा पोक्सो कायदाही लागू होतो. खात्याचे नाव व लिंक लिहून ठेवा आणि पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. तेथे महिला व मुलांविषयीच्या विभागात नाव न देताही तक्रार करता येते. ॲपकडेही तक्रार करा, कारण 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील 2026 च्या दुरुस्तीनुसार तक्रार मिळाल्यापासून जास्तीत जास्त 2 तासांत असे चित्र हटवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आहे.

जेवण कमी झाल्याचे तुम्ही लिहिले आहे, त्याची मला अधिक काळजी वाटते. ‘जगू नये असे वाटते का?’ हे तिला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार तिच्या मनात नव्याने शिरत नाही. उत्तर होकारार्थी असेल किंवा ती उत्तर टाळत असेल, तर तिला एकटे सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर लगेच फोन करा. तो रात्रीही चालू असतो.