डबा गरम करायची सोय नाही, मग काय न्यावं?

बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, पहिल्या पाळीला जाणाऱ्यानं दहीभात न्यावा, पण दुधात कालवलेला. अर्धी वाटी तांदळाचा मऊ भात कोमट असतानाच कुस्करा. त्यात वाटीभर कोमट दूध, चमचाभर दही, मीठ आणि वरून मोहरी-मिरचीची फोडणी. दुपारी एकला नेमका लागतो. सगळं दहीच घातलंत, तर एप्रिलात आंबटढाण होणार.

नाहीतर आपली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरी पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका, वाफ कोंडली की ती चिवट होते. चटणीवरचं तेल वेगळ्या डबीत. कांदा अख्खाच न्या, तिथं बुक्कीनं फोडा; चिरलेला डबाभर वास मारतो.