गुणायचे की भागायचे? ऑपरेटर परीक्षेची प्रश्नोत्तरे

जलशुद्धीकरण आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या ऑपरेटर परीक्षेची तारीख जवळ आली की माझ्याकडे तेच ते प्रश्न येऊ लागतात. पत्रावरचे नाव तेवढे बदललेले असते.

प्रश्न : प्रवाह 8 एमएलडी (म्हणजे दिवसाला 8 दशलक्ष लिटर), क्लोरीनचा डोस 2.5 मिलिग्रॅम प्रति लिटर, हायपोक्लोराइट पावडर 65 टक्क्यांची. रोज किती पावडर लागेल? माझे उत्तर 13 किलो, पुस्तकात 30.8. पुस्तकात छपाईची चूक आहे का?

नाही. एमएलडीला मिलिग्रॅम प्रति लिटरने गुणले की रोजचे किलो थेट मिळतात. 20 किलोपर्यंत तुमचे बरोबर आहे. पुढे तुम्ही 0.65 ने गुणलेत, तिथे भागायचे होते. पावडरीत 35 टक्के भाग क्लोरीनच्या कामाचा नाही, मग ती 20 किलोपेक्षा कमी कशी पुरेल? पेपरात 13 हा पर्याय बहुतेक वेळा असतोच, कारण पेपर काढणाऱ्यालाही तुमची ही चूक ठाऊक असते. गॅलनमध्ये परीक्षा असेल तर 8.34 चा गुणक येतो, लिटरमध्ये येत नाही. तुमच्या परीक्षेत एकके कोणती आणि सूत्रांचा तक्ता मिळतो का, हे परीक्षा घेणाऱ्या मंडळालाच विचारा.

प्रश्न : डोस, डिमांड, रेसिड्युअल यांत नेहमी गोंधळ होतो.

पाण्यात घातलेला क्लोरीन तो डोस, पाण्यातल्या घाणीने खाल्लेला तो डिमांड, शेवटी उरलेला तो रेसिड्युअल. डोस वजा डिमांड म्हणजे रेसिड्युअल. झाले.

प्रश्न : ‘याच प्रश्नांतून पेपर येतो, पास न झाल्यास पैसे परत’ अशी प्रश्नपेढी मित्राने घेतली आहे. मीही घेऊ का?

पैसे परत कोणत्या अटींवर मिळतात, ते त्या मित्राला वाचून दाखवायला सांगा. अशा पेढ्या मी चाळल्या आहेत. एकीत डिटेन्शन टाइमचे, म्हणजे पाणी टाकीत किती वेळ राहते याचे, एकच गणित आकडे बदलून पुन्हा पुन्हा छापले होते आणि त्यातल्या काहींची उत्तरेही चुकीची होती. सराव म्हणून वापरायला हरकत नाही, पण अभ्यासक्रम म्हणजे पेढी नव्हे. कोणत्या पातळीला काय विचारतात याची यादी मंडळाकडे मिळते. ती समोर ठेवा आणि केंद्रावरच्या अनुभवी ऑपरेटरबरोबर एकेक मुद्दा प्रत्यक्ष यंत्रापाशी उभे राहून बघा.

प्रश्न : एक लिटर नमुन्यात अर्ध्या तासात गाळ 420 मिलिलिटरवर बसला, एमएलएसएस (टाकीतल्या मिश्रणातले तरंगते घन पदार्थ) 2100 मिलिग्रॅम प्रति लिटर. एसव्हीआय, म्हणजे एक ग्रॅम गाळ बसून किती मिलिलिटर जागा घेतो तो आकडा, 200 आला. म्हणजे गाळ काढायचा ना?

आकडा बरोबर, घाई चूक. 200 म्हणजे गाळ नीट बसत नाही, एवढेच कळले. का बसत नाही ते कळलेले नाही. हवा कमी पडते का, सांडपाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस पुरेसे आहे का, तंतुमय जिवाणू माजलेत का? एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घाला, पिंजलेल्या दोऱ्यासारखे दिसले तर उत्तर तिथेच आहे. परीक्षेत ‘सर्वांत आधी काय कराल’ असे विचारले तर बहुतेकदा ‘कारण तपासा’ हेच उत्तर असते. प्रत्यक्ष केंद्रावर मात्र केमिस्टला विचारल्याशिवाय गाळाच्या व्हॉल्व्हला हात लावू नका.

प्रश्न : सेफ्टीचे प्रश्न म्हणजे कॉमन सेन्स, असे सगळे म्हणतात. तो धडा सोडला तर चालेल?

हे ‘सगळे’ कोण, ते मला एकदा भेटवा. सांडपाण्याच्या खड्ड्यातला हायड्रोजन सल्फाइड कुजक्या अंड्यासारखा वास देतो, हे तुम्हाला कॉमन सेन्सने कळेल. पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास काही मिनिटांत नाक बधिर होते, हे कळणार नाही. ‘आता वास येत नाही, उतरू या’ असे म्हणणारा माणूस नेमका सर्वांत वाईट क्षणी उतरत असतो. काडी पेटवून बघण्याचा सल्ला तर मी अजूनही ऐकतो. खाली मिथेन असला तर ती काडी शेवटची ठरते.

मोजायचे मीटरने, तेही क्रमाने : आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली किंवा 23.5 च्या वर असेल तर आत जायचे नाही. हा क्रम पाठ करण्यासाठी नाही, त्याला कारण आहे. ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर तो वायू जाळूनच मोजतो. ऑक्सिजन कमी असेल तर तो नीट जळत नाही आणि मीटर खोटा, कमी आकडा दाखवतो. शिवाय मोजायचे वर, मध्ये आणि तळाशी. मिथेन हलका असतो, हायड्रोजन सल्फाइड जड. तोंडापाशी मीटर धरून ‘ओके’ म्हणणारे मी पाहिले आहेत.

आणि आतला पडला तर वरच्याने उतरायचे नाही. दोरी आणि तिपाई आधीच लावलेली हवी, बचाव पथकाला हाक द्यायची. भावाला काढायला भाऊ उतरतो आणि खड्ड्यातून दोघांना काढावे लागते. धडा सोडू नका. तुमच्या केंद्रावर खड्ड्यात उतरण्यासाठी लेखी परवाना देण्याची पद्धत, मीटरची रोजची चाचणी आणि बचावाची सोय आहे का, हे सेफ्टी अधिकाऱ्याला उद्याच विचारा.

प्रश्न : दमा आहे. क्लोरीन रूमच्या कामाची तयारी करावी का?

लेखी परीक्षेला दमा आडवा येत नाही. क्लोरीन रूमचे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. श्वसनसंच लावून काम करावे लागेल, हे त्यांना मुद्दाम सांगा.

प्रश्न : अर्जाची मुदत चार दिवसांत संपते. अनुभवाच्या दाखल्यावर सही करणारे साहेब रजेवर आहेत. काय करू?

दाखला लागणार हे तुम्हाला फॉर्म घेतला त्या दिवशीच माहीत होते. दुसऱ्या कोणाची सही चालते का, हे फक्त मंडळाचे कार्यालय सांगू शकते. मला पत्र लिहिण्याऐवजी तिथे फोन करायचा होता. आता करा, आणि काय सांगितले ते लेखी मागून घ्या.