जुना पत्ता, नवं दुकान

प्रश्न : सासूबाईंपासून आमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. दोन महिन्यांपूर्वी वेबसाइट नवी केली, डोमेनही बदललं. आधी 'गोडा मसाला लालबाग' टाकलं की आम्ही गुगलच्या पहिल्या पानावर असायचो. आता दिसतच नाही. साइट करणारा म्हणतो, रीडायरेक्ट लावलेत, थांबा. किती थांबायचं? – एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, रीडायरेक्ट म्हणजे जुन्या लिंकवर आलेल्याला नव्या पानाकडे वळवणं. ते असेच राहिले तर थांबून काही होणार नाही.

तुम्ही पाठवलेली गोड्या मसाल्याची जुनी लिंक मी उघडली. समोर आलं होमपेज, त्यावर दिवाळीच्या फराळाचा बॉक्स. भाजणीची लिंक उघडली, तरी तेच. जुनी सगळी पानं एकाच दारात आणून सोडली आहेत. गोडा मसाला शोधणारं गिऱ्हाईक तिथून परत जातं, आणि गुगलही अशा पानाला 'सॉफ्ट ४०४' धरतं, म्हणजे पान सापडलंच नाही असं समजतं. इतक्या वर्षांत त्या पानाने कमावलेलं नाव नव्या पानाला मिळतच नाही.

दुसरी चूक आकड्यात आहे. तुमचा रीडायरेक्ट ३०२ आहे, म्हणजे तात्पुरता. चाळ रीडेव्हलपमेंटला गेली की माणसं ट्रान्झिट कॅम्पात जातात, पण परत चाळीतच यायचं असतं. ३०२ गुगलला तेच सांगतो, म्हणून ते जुनाच पत्ता धरून बसतं. तुम्ही तर कायमच्या हलला आहात. तुम्हाला ३०१ हवा, म्हणजे कायमचा.

आता काम. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात, जुन्या साइटचा १६ महिन्यांपर्यंतचा हिशेब मिळतो. कुठल्या पानावर किती क्लिक आले ते काढा आणि एक्सेलमध्ये दोन रकाने करा : डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे त्याच वस्तूचा नवा. गोडा मसाला गोड्या मसाल्याकडे, भाजणी भाजणीकडे. ही यादी तुम्ही स्वतः करा. मालवणी मसाला आणि संडे मसाला वेगळे, हे साइट करणाऱ्याला कुठून कळणार? जी वस्तू बंदच केलीत तिचं पान ४०४ राहू द्या, उगाच कुठेतरी वळवू नका. आणि रीडायरेक्ट एका उडीत हवा. तुमचा आज तीन ठिकाणी फिरून पोचतो. गुगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, दहा उड्यांपर्यंत येतो, पण मोबाइलवरचं गिऱ्हाईक तेवढं खोळंबत नाही.

हे झालं की सर्च कन्सोलमधल्या 'चेंज ऑफ ॲड्रेस'मध्ये नवं डोमेन कळवा आणि नवा साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्या. मग थांबा, तुमच्याएवढ्या साइटला काही आठवडे लागतात.

एक मोह मात्र टाळा. देवनागरीतला पत्ता व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. 'मसाला' एवढ्या शब्दाची ४५ अक्षरं होतात. दिसायला वाईट, पण गुगलला तो नीट वाचता येतो. तेवढ्यासाठी पत्ते पुन्हा बदलू नका.

रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा, असं गुगल सांगतं. मी म्हणेन, काढूच नका. तुमच्या पाकिटांवर जुनाच पत्ता छापलाय, आणि ती पाकिटं पार गावापर्यंत गेली आहेत. जुनं डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते, तेवढं आजच बघा.